क्यूबिटटोरेंट : कॉलेजच्या लॅबमधला अनुभव

आमच्या लॅबमध्ये 24 संगणक. मी मुलांना व्हर्च्युअल मशीनवर (संगणकातच चालणाऱ्या आभासी संगणकावर) उबुंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला शिकवते, त्यामुळे ती बसवण्यासाठीची जवळपास 6 जीबीची आयएसओ फाईल प्रत्येक संगणकावर लागतेच. पूर्वी एकच पेनड्राइव्ह सगळीकडे फिरायचा आणि त्याच्याबरोबर व्हायरसही. आता उबुंटूच्याच साइटवरची टोरेंट फाईल (मोठ्या फाईलच्या तुकड्यांची माहिती देणारी छोटी फाईल) क्यूबिटटोरेंटमध्ये टाकते. हा प्रोग्रॅम ती मोठी फाईल तुकड्यातुकड्यांनी अनेक संगणकांकडून घेतो आणि इतरांना देतोही. ‘लोकल पिअर डिस्कव्हरी’ चालू असली की लॅबमधले संगणक एकमेकांना शोधून काढतात आणि तुकडे आपापसात वाटून घेतात. बाहेरच्या नेटवरचा ताण खूपच उतरला. शिवाय फुकट, जाहिराती नाहीत, सोर्स कोड खुला.

आलेल्या प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, टोरेंटमधल्या हॅशशी ताडला जातो. जुळला नाही तर तुकडा टाकून दिला जातो. म्हणजे वाटेत कुणी भेसळ केली तर पकडली जाते. पण टोरेंटच मुळात लबाडाने बनवली असेल, तर हॅश तंतोतंत जुळतो आणि व्हायरस सुखरूप घरी पोचतो. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवणाऱ्या मुलांना हे मी दरवर्षी सांगते.

मला खरा धक्का बसला तो ऑक्टोबर 2024 मध्ये, क्यूबिटटोरेंटची 5.0.1 आवृत्ती आली आणि तिने एक जुनी चूक सुधारली तेव्हा. आरएसएस फीड (साइटवरच्या नव्या गोष्टींची यादी), अपडेटची चौकशी, विंडोजवर सर्चसाठी लागणारं पायथन, हे सगळं आणताना समोरच्या सर्व्हरचं एसएसएल प्रमाणपत्र, म्हणजे त्याची ओळख पटवणारा दाखला, चुकीचं असलं तरी हा प्रोग्रॅम चालवून घेत होता. आणि तेही 2010 पासून! चौदा वर्षं कोड सगळ्यांसमोर पडून होता. ‘ओपन सोर्स आहे, काळजी नको’ असं मी वर्गात सांगत आले होते. ते बंद केलं. प्रोग्रॅम मात्र काढला नाही. चूक नेमकी कधी आणि कोणत्या बदलातून शिरली, हे कोड खुला होता म्हणूनच कळलं.

‘अ‍ॅनॉनिमस मोड’ या क्यूबिटटोरेंटमधल्या सेटिंगच्या नावावर भुलू नका. तीच फाईल घेणाऱ्या-देणाऱ्या इतरांना तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसतोच.

वेब यूआय, म्हणजे ब्राउझरमधून हा प्रोग्रॅम चालवायची सोय, लागत नसेल तर बंदच ठेवा. 4.6.1 च्या आधी त्याचा ठरलेला पासवर्ड सगळीकडे एकच असायचा, ‘अ‍ॅडमिनअ‍ॅडमिन’. आमच्याकडे दोन संगणकांवर जुनी आवृत्ती राहून गेली होती आणि तिथे तोच पासवर्ड चालू होता. सापडल्या दिवशी, तास सुरू व्हायच्या आधी, दोन्ही अपडेट केले.