न बदललेल्या सेन्सरचे साडेसात हजार

आमची पेट्रोल गाडी 2012 ची आणि घर देवगडला, समुद्राच्या अगदी तोंडावर. खाऱ्या वाऱ्याने दाराचा पत्रा कुजतो हे माहीत होतं. खालचा सायलेन्सरचा पाईपही तसाच कुजतो, हे डोक्यात आलं नाही.

चतुर्थीच्या तोंडावर इंजिनची पिवळी लाईट लागली. अॅव्हरेज 17 वरून 11 वर, मागून पेट्रोलचा वास. हायवेवरच्या एका चकाचक गॅरेजात नेली. स्कॅनरवर पी0171 हा बिघाडाचा कोड निघाला, म्हणजे मिश्रण 'लीन', हवेच्या मानाने पेट्रोल कमी. "साहेब, ऑक्सिजन सेन्सर गेला. ओरिजिनल घालतो, साडेसात हजार." बिल मागितलं तर "जीएसटी पडेल, कशाला?" जुना पार्ट मागितला तर "तो कंपनीत जमा करावा लागतो." मुंबईहून चाकरमानी यायचे होते, गाडी हवीच होती. मी मान डोलावली.

लाईट विझली. चौथ्या दिवशी मालवणच्या बाजारात परत लागली. आता म्हणे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, अठरा हजार. पाच हजार अॅडव्हान्स देऊन बसलो.

स्कॅनरने कोड पुसला की लाईट विझतेच, काही न बदलतासुद्धा. हा दोष गाडीच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत सापडला की मगच कॉम्प्युटर ती परत लावतो. तोवर आपण पैसे देऊन घरी पोचलेलो असतो.

शेवटी कणकवलीकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. आधी स्पार्क प्लग काढले. काजळीने काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय! "झिला, कोड म्हणता पेट्रोल कमी, मगे प्लग काळो कसो?" हा प्रश्न मला का पडला नाही, कोण जाणे. त्यांनी थंड इंजिन चालू केलं, ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी दाबलं आणि कान लावला. इंजिनजवळच्या जोडातून फुस्स-फुस्स. ऑक्सिजन सेन्सर पाईपात बसून धुरातला ऑक्सिजन मोजतो; त्याच्या अलीकडेच पाईप गंजून चिरला होता. धुराच्या दोन धक्क्यांमध्ये त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो जादा ऑक्सिजन दिसतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हे गणित जुळवायला तो आणखी पेट्रोल ओततो.

"सेन्सर खोटां बोलूक नाय," मेस्त्री म्हणाले.

मग त्यांनी सेन्सर दाखवला. त्याच्या वायरला उंदराने कुरतडलं होतं, तिथे दोन वर्षांपूर्वी मीच निळी टेप गुंडाळली होती. ती टेप तशीच! टोक तेवढं तारेच्या ब्रशने घासून चकचकीत केलेलं. बॉनेट उघडून मी एकदा डोकावलो असतो तर त्याच दिवशी कळलं असतं.

वेल्डिंग आणि नवीन गॅस्केट मिळून 850 रुपये. अॅव्हरेज परत 16 च्या वर.

ग्राहक हेल्पलाईनला, 1915 वर, फोन केला. पहिलाच प्रश्न, बिल आहे का? माझ्याकडे होता फक्त पाच हजारांच्या यूपीआयचा स्क्रीनशॉट. साडेसात हजार रोख दिले होते. तो स्क्रीनशॉट घेऊन गॅरेजात तीन खेपा घातल्या, तेव्हा अॅडव्हान्सचे तीन हजार सुटले. उरलेले दोन, मालकाच्या म्हणण्याप्रमाणे, 'स्कॅनिंगचे'.