माझीच टेप घेऊन चष्म्याचा नंबर काढणारं दुकान

बावीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याने तुरपाई आली की लेकीला हाक मारायला लागले, तेव्हा कळलं की आता चाळिशीची टाळाटाळ पुरे.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका दुकानातून प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं-जवळचं दोन्ही दिसणाऱ्या काचांचा चष्मा केला होता. यंत्राला डोळे लावा, कागदावर नंबर घ्या, साडेसात हजार मोजा. तो घालून मशीनवर बसले की सरळ टीप धनुष्यासारखी वाकडी दिसायची. दोन पायपिंग उसवून पुन्हा लावली, मग लक्षात आलं की हात बरोबर आहे. तक्रार केली तर म्हणाले, सवय होईल. सहा महिने सवय करून घेत होते!

साताऱ्यात राजवाड्याजवळचं हे दुकान शेजारणीने सांगितलं. पुढे फ्रेमची दोन कपाटं, मागे पडदा लावलेली तपासणीची खोली, बस्स. दुकानाच्या ताईंनी जुना नंबर विचारलाच नाही. "काकू, काम काय करता?" (सत्तेचाळिसाव्या वर्षी काकू. असो.) गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिली होती माझ्या. तीच मागून घेतली, मला मशीनवर बसते तसं बसवलं, मान वाकते तेवढी वाकवायला लावली आणि डोळ्यापासून हातापर्यंत मोजलं. 18 इंच. मग हूक लावताना कापड धरते तसं धरायला सांगितलं. 13.

आत अंधारात रेटिनोस्कोप नावाच्या तपासणीच्या यंत्राने डोळ्यात उजेडाची पट्टी इकडून तिकडे फिरवली, मग नाकावर ती जड चौकट चढवून एकेक काच बदलत गेल्या. प्रोग्रेसिव्हचं गणितही समजावलं. जवळचं दिसायची जागा काचेच्या खालच्या भागात असते, तीही चिंचोळी. कडेच्या भागातून सरळ रेघ वाकते. बाजारात, बँकेत तो चष्मा उत्तम, पण माझं कापड डावी-उजवीकडे पसरलेलं असतं. मला करून दिला कामाचा वेगळा चष्मा: वरच्या भागात मशीनचं अंतर, खाली हातशिलाईचं. फ्रेमसकट 1,650 रुपये, तपासणीचे 200 वेगळे. तो घालून दाराकडे पाहिलं तर येणारं गिऱ्हाईक धूसर दिसतं, हे आधीच सांगितलं होतं. द्यायच्या आधी ड्रॉवरमधून सुई-दोरा काढून हातात ठेवला. दुसऱ्या खेपेला ओवला गेला.

नंतर सासूबाईंना घेऊन गेले. चष्मा बदलायचाय म्हटलं, तर तपासून म्हणाल्या, मोतीबिंदू वाटतोय, आत्ता नवीन काचांवर पैसे घालू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाई त्यांनाच डॉक्टर म्हणत होत्या. "आजी, मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट, डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी," हे तीनदा झालं.

गप्पांत कळलं ते असं: ताईंचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. बारावी सायन्सनंतर पुण्यात चार वर्षांची ऑप्टोमेट्रीची पदवी, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. मग डोळ्यांच्या हॉस्पिटलात नोकरी. बसमधून गावोगाव शिबिरं, शाळेच्या वर्गात खिडक्यांना चादरी लावून तपासणी. पुढे मॉलमधल्या शोरूमला पगार चांगला होता, पण महिन्याला महागड्या काचा किती खपवायच्या याचं टार्गेट असायचं. "पेशंट खुर्चीत बसायच्या आधी मला त्याची काच ठरवायला लागायची," म्हणाल्या. दोन वर्षं काढली आणि साताऱ्याला आल्या.

आता तक्रार. रविवारी दुकान बंद, ते एक वेळ ठीक. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये मधल्या वारीही कुलूप असतं, कारण गावाला हळद काढायची, शिजवायची असते. घरच्या रानात त्या स्वतः राबतात. माझा चष्मा गुरुवारी देणार होत्या, मिळाला शनिवारी, आणि माझ्याकडे लग्नसराईचे अकरा ब्लाऊज पडलेले! चिडूनच गेले होते. चष्मा कानामागे नीट बसवायला वाकल्या तेव्हा त्यांची बोटं दिसली. नखांच्या कडा पार पिवळ्या. माझ्याही बोटांना सुईचे घट्टे आहेत. ओरडायचं राहिलं, पण एक स्टार मात्र कापलाय.

तेव्हा फोन करून जा. राजपथावर गाडी लावायला जागा मिळत नाही, चालत गेलेलं बरं. जुना चष्मा सोबत न्या. माझा साडेसात हजारांचा त्यांनी तपासला, नंबर ठीक निघाला, बाजाराला जाताना तोच वापरा म्हणाल्या. सैल दांडी आवळून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत.