पर्टिनॅक्सचा देनारियस, किंमत 650 रुपये

पणजीतील एका नाण्यांच्या दुकानातून मी गेल्या महिन्यात रोमन सम्राट पर्टिनॅक्सच्या चांदीच्या देनारियसची प्रतिकृती घेतली. इ. स. 193 मध्ये 1 जानेवारी ते 28 मार्च असे अवघे 87 दिवस राज्य केलेल्या या सम्राटाची अस्सल नाणी दुर्मीळ असून निवृत्त शिक्षकाच्या आवाक्यातली नाहीत. दुसरा कोणी न निवडता मी त्यालाच का निवडले, तर दास्यातून मुक्त झालेल्या बापाचा हा मुलगा आरंभी व्याकरण शिकवत असे आणि त्यात पैसा नाही म्हणून सैन्यात गेला, हे वाचल्यापासून तो मला आमच्यातलाच वाटत आला आहे.

नाण्याची दर्शनी बाजू उत्तम उतरली आहे. लांब, कुरळी दाढी, डोक्यावरची पानांची माळ आणि कडेची लॅटिन अक्षरे भिंगाशिवाय ओळखता येतात, तर मागच्या बाजूला ताऱ्याकडे हात उंचावलेली देवता आहे. मात्र काठावरून नख फिरवले की साच्याच्या दोन भागांमधली शिवण लागते. मूळ नाणी ठशावर हातोडा मारून पाडलेली असल्यामुळे तिथे अशी रेघ असण्याचे कारणच नाही. आजोबांच्या पेटीतला पोर्तुगीज काळातला चांदीचा रुपया फरशीवर टाकला की खणखणतो. हे मात्र बटणासारखे पडते. मूळ देनारियस साधारण 3 ग्रॅमचा असे, सराफाच्या काट्यावर हा जेमतेम 2 ग्रॅम भरला.

प्रतिकृती चांदीची असावी असा माझा हट्ट नाही. परंतु आधीचा सम्राट कॉमोडस याच्या काळात हिणकस झालेल्या देनारियसमध्ये पुन्हा चांदी वाढवणारा सम्राट हाच, त्यामुळे हे हलके वजन अधिक खटकते. तिजोरीत 10 लाख सेस्टर्स (देनारियसच्या चौथ्या हिश्श्याचे नाणे) उरलेले असताना त्याने राजरक्षक दलाच्या प्रत्येक शिपायाला 12,000 देण्याचे कबूल केले आणि त्यासाठी कॉमोडसचे रथ, वस्त्रे, गुलाम लिलावात काढले. तरीही शिस्तीचा जाच नको असलेल्या त्याच दलाच्या शिपायांनी राजवाड्यात घुसून त्याला ठार मारले.

खरी तक्रार सोबतच्या माहितीपत्रकाबद्दल आहे. त्यावर ‘बोली लावून सिंहासन विकत घेणारा सम्राट’ असे छापले आहे. ती बोली पर्टिनॅक्सच्या खुनानंतर शिपायांनी मांडलेल्या लिलावातली होती. तीत खुद्द पर्टिनॅक्सचे सासरे सुल्पिसियानस उतरले होते, आणि माणशी 25,000 सेस्टर्स देऊन ती जिंकणारा डिडियस ज्युलियानस 66 दिवस टिकला. मारल्या गेलेल्याच्या नावावर मारेकऱ्यांचा सौदा टाकणे ही छपाईची चूक म्हणून सोडून देता येत नाही. मी हे दाखवल्यावर दुकानदार शांतपणे म्हणाले, ‘‘सर, नाणे तर तेच आहे ना?’’

मुलांच्या हाती द्यायला वस्तू बरी आहे, लाकडी डबी तर सुबकच आहे. 400 रुपयांपर्यंत मिळाल्यास घ्यावी आणि पत्रक फाडून टाकावे. पर्टिनॅक्सवर त्यांनी एक रुपयाही कमी केला नाही. शेजारी ज्युलियानसची प्रतिकृती 900 रुपयांना होती. तिच्यासाठी मात्र मी न विचारताच ते 750 वर आले.