आयात शुल्क की कोटा?
परदेशी गाड्या रोखायला सरकारकडे दोन हत्यारं: शुल्क (आयातीवरचा कर) आणि कोटा (किती गाड्या येऊ द्यायच्या याची मर्यादा). गाडी दोन्हींत महागते. प्रश्न जादा पैसा कोणाच्या खिशात जातो हा. शुल्काचा सरकारी तिजोरीत. कोट्याचा बहुतेक विकणाऱ्यालाच! १९८१ मध्ये जपानने अमेरिकेला वर्षाला १६.८ लाखच मोटारी पाठवायचं कबूल केलं. मग कंपन्यांनी महागडी मॉडेल्स पाठवून चांगलाच नफा कमावला.

शुल्कात निदान चांगली गाडी जादा पैसे मोजून घेता येते, म्हणून स्पर्धा पुरती मरत नाही. मला तेच त्यातल्या त्यात परवडतं. पळवाटा मात्र निघतातच. अमेरिकेत १९६४ पासून हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क आहे; फोर्डने तुर्कस्तानातून व्हॅन मागच्या सीटांसकट आणल्या, म्हणजे त्या ट्रक नाही तर कमी शुल्काच्या प्रवासी गाड्या ठराव्यात, आणि कस्टम्समधून सुटल्यावर त्या सीटा काढून टाकल्या.