उघडं अडकलेलं सनरूफ आणि ३७,७६० रुपयांचा कागद

पुण्यातली दहा वर्षं जुनी एक सेडान. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सनरूफ उघडलं ते बंद होईना. बटण दाबलं की काच चार बोटं पुढे यायची, उजवीकडे कट्ट असा आवाज व्हायचा आणि काच आपसूक मागे जायची. आभाळ भरून आलेलं. जवळच्या गॅरेजवाल्याने दोनदा बटण दाबून पाहिलं आणि निकाल दिला, "मोटर गेली. पाणी आत गेलं तर ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, पण जाईल, मग लाखाच्या वर बसेल." मालकाने मान डोलावली. तिसऱ्या दिवशी गाडी मिळाली, ३७,७६० रुपये गेले आणि नवव्या दिवशी काच पुन्हा तिथेच अडकली.

गॅरेजचं नाव इथे नको, कारण मुद्दा एका गॅरेजचा नाही. असाच कागद थोड्याफार फरकाने दर पावसाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या हातात पडतो.

पहिली थाप निदानातच होती. मेलेली मोटर काच मागे नेत नाही. काच पुढे येऊन परत फिरते, याचा अर्थ मोटर, स्विच, फ्यूज आणि कंट्रोल मॉड्यूल (सनरूफ चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) चौघंही जिवंत आहेत. मोटरला किती जोर लागतोय, ती किती मंदावतेय यावर मॉड्यूलची नजर असते. बंद होताना मध्ये बोट सापडलं तर काच उलटी फिरावी म्हणून ही सोय दिलेली असते. पण बोट आणि वाळलेलं ग्रीस यांतला फरक त्या मॉड्यूलला कळत नाही. काच जिच्यावरून सरकते त्या रेलमध्ये पाचोळा अडकला, ग्रीस मेणासारखं घट्ट झालं किंवा काचेला रेलवर धरणारा एका बाजूचा प्लॅस्टिकचा स्लायडर तुटून काच तिरकी झाली, की जोर वाढतो आणि काच परत फिरते. दहा वर्षं उन्हात तापलेल्या छताखाली प्लॅस्टिक कडकडीत होऊन तुटतं. मोटर त्या मानाने क्वचित जाते, कारण दिवसातून एकदोनदा पाचसात सेकंद फिरणं एवढंच तिचं काम.

तेव्हा लक्षण आधी नीट पाहावं. बटण दाबून काहीच आवाज नसेल तर फ्यूज, बॅटरी आणि स्विच. फ्यूज सहसा २० किंवा ३० अँपिअरचा असतो आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणावर त्याची जागा छापलेली असते. बॅटरी उतरलेली असेल तर बरीच मॉड्यूल्स सनरूफ हलवतच नाहीत, म्हणून इंजिन चालू ठेवून एकदा बघायचं. मोटर घुरघुरते पण काच जागची हलत नाही, तर गिअरचे किंवा काच ओढणाऱ्या केबलचे दाते गेलेत. काच एका बाजूने पुढे आणि दुसऱ्या बाजूने मागे दिसते, तर स्लायडर तुटलाय किंवा केबल सरकलीय. अशा वेळी बटणाला पुन्हा हात लावू नये, एका दाबात दुसरी बाजूही मोडते. आणि बॅटरी काढून बसवल्यानंतर काच तुकड्यातुकड्याने सरकत असेल किंवा ऑटो बंद होत नसेल, तर काहीही बिघडलेलं नसतं, मॉड्यूल फक्त आपली शून्य जागा, म्हणजे काच पूर्ण बंद असते ती जागा, विसरलेलं असतं.

काच तिरकी आहे का, हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. स्टीलची पट्टी घ्या, उघड्या भोकाच्या पुढच्या कडेपासून काचेच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या टोकाला मोजा. या गाडीत दोन्हीकडच्या मापात ११ मिलिमीटरचा फरक होता. एवढं मोजायला एक मिनिट लागतं आणि मोटरचा विषय तिथेच संपतो.

आता तो कागद. मोटर असेंब्ली १४,५००. सनरूफ कॅसेट (रेल आणि केबली धरणारी अख्खी चौकट) सर्व्हिस ३,५००. रूफ लायनिंग (छताचं आतलं अस्तर) काढणे-बसवणे ६,०००. रबर बीडिंग ४,८००. प्रोग्रामिंग २,५००. कंझ्युमेबल्स ७००. बेरीज ३२,०००, त्यावर जीएसटी १८ टक्के म्हणजे ५,७६०. कागदाच्या माथ्यावर 'इस्टिमेट' छापलेलं, बिल नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. नोंदणी नसलेल्याला जीएसटी गोळा करताच येत नाही आणि नोंदणी असून तो गोळा करणाऱ्याला टॅक्स इन्व्हॉइस द्यावंच लागतं. म्हणजे ते ५,७६० रुपये करापोटी गेलेच नाहीत, सरळ खिशात गेले.

दुसऱ्यांदा गाडी उघडल्यावर आतली हकीकत दिसली. 'नव्या' मोटरच्या अंगावर छताखालची दहा वर्षांची बारीक धूळ एकसारखी बसलेली. लेबल पिवळं पडलेलं, त्यावरचा तारखेचा शिक्का गाडीच्याच वयाचा. मोटरचे तीन स्क्रू मात्र ताजे फिरवलेले, डोक्यांवर चकाकी. म्हणजे मोटर खाली घेतली होती आणि तीच परत चढवली होती. रूफ लायनिंग काढल्याची तर खूणच नव्हती. लायनिंग खाली घ्यायचं तर सनव्हायझर, वरचे हँडल, छत पेलणाऱ्या खांबांवरची प्लॅस्टिकची कव्हरं, सगळं सुटावं लागतं. तिथले स्क्रू जुन्या मळासकट जागेवर होते आणि एकाही क्लिपला ओरखडा नव्हता. बीडिंग जुनंच, फक्त सिलिकॉन स्प्रे मारून काळंभोर केलेलं. बोट फिरवलं की बोट तेलकट व्हायचं. आणि खरा रोगी, उजव्या रेलमधला तुटलेला स्लायडर, फेविक्विकने चिकटवून वर केबल टाय आवळलेला. तो आठ दिवस टिकला हेच नवल.

या कागदावरचं एकच काम कदाचित खरं झालं असेल, ते प्रोग्रामिंग, म्हणजे मॉड्यूलला शून्य जागा पुन्हा शिकवणं. आणि ते फुकटातलं आहे. ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण बंद करून बटण सोडायचं, मग बंद करायच्या दिशेने साधारण १० सेकंद धरून ठेवायचं, काच किंचित हलली की सोडायचं आणि ३ सेकंदांच्या आत पुन्हा तसंच धरायचं. काच पूर्ण उघडून परत बंद होईपर्यंत बोट काढायचं नाही. इतर कंपन्यांच्या पद्धतीत सेकंदांचा फरक असतो, गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत तो लिहिलेला असतो. लॅपटॉप जोडला आणि काही टाइप केलं म्हणून २,५०० रुपये होत नाहीत.

या धंद्याचं खरं भांडवल पाऊस. काच उघडी असेपर्यंत मालक अडलेला असतो, आणि अडलेल्या माणसाला भाव विचारायचा धीर नसतो. म्हणून गाडी कुणाच्याही दारात नेण्याआधी काच हाताने बंद करून घ्यावी. मग आठवडाभर चार ठिकाणी विचारता येतं.

इग्निशन बंद करा. जर्मन गाड्यांत मोटर बहुधा पुढे, छतातल्या मॅप लाइटच्या (पुढच्या दिव्याच्या) कव्हरामागे असते. जुन्या जपानी गाड्यांत सनरूफच्या मागच्या बाजूला, छताच्या कापडात एक गोल टोपण असतं, त्यामागे. कव्हर प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटा, स्क्रूड्रायव्हरने कापड फाटतं. मोटरच्या मधोमध षटकोनी खोबण दिसेल. तिथे ४ किंवा ५ मिलिमीटरची ॲलन की बसते. काही गाड्यांच्या टूलकिटमध्ये यासाठी वेगळा पाना दिलेला असतो, स्टेपनीखालच्या पिशवीत बघा. काही मोटरींत चावी वर दाबून धरत फिरवावी लागते, नाहीतर क्लच सुटत नाही. आधी अर्धा आटा फिरवून काच कोणत्या दिशेला जाते ते पाहा, मग सावकाश. दुसऱ्या माणसाने बाहेरून दोन्ही तळवे काचेच्या दोन कडांवर ठेवून काच सरळ ठेवायची. जड लागलं की थांबा, अर्धा आटा मागे घ्या, रेलमध्ये काय अडकलंय ते टॉर्चने बघा. जोर लावलात तर ॲलन की गोल होईल किंवा मोटरचे प्लॅस्टिकचे दाते जातील, आणि मग खरोखरच मोटर घ्यावी लागेल.

खोबण नसेलच तर मोटर खाली घ्यायची. बहुतेक ठिकाणी तीन स्क्रू असतात. मोटर सुटली की केबली मोकळ्या होतात आणि दोघांनी दोन बाजूंनी सारखं ढकललं की काच सरकते. काच जागेवर आली की मोटर लगेच परत बसवा. तिच्या दात्यांशिवाय काचेला धरून ठेवणारं काहीच नसतं, हायवेवरच्या वाऱ्याने ती मागे सरकते किंवा उचलली जाते. शेवटी सनरूफचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी सवयीने बटण दाबणार नाही. हे काहीच जमलं नाही तर जाड प्लॅस्टिक आणि मास्किंग टेप. ब्राऊन टेप रंगावर लावू नका, उन्हात त्याचा गोंद निघता निघत नाही.

एक प्रकार तर सगळ्यात वाईट. काही ठिकाणी काच ढकलून बंद करतात आणि चारही बाजूंनी विंडशील्ड चिकटवायचा पीयू सीलंट (पॉलियुरेथेनचा घट्ट गोंद) भरतात. "आता जन्मात गळणार नाही" असं वर सांगतात. सीलंटला फट राहते, पाणी तिथून आत जातं, आणि चौकटीत उतरलेला सीलंटचा लगदा पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं बुजवतो. पुढे खरी दुरुस्ती करायची म्हटलं तर काच कापून काढावी लागते.

गळतीच्या बाबतीतली थाप समजायला हे माहीत हवं की सनरूफ मुळात पाणबंद नसतंच. बीडिंग बरंचसं पाणी अडवतं, उरलेलं खालच्या पन्हाळीत पडतं आणि चार कोपऱ्यांतल्या नळ्यांतून बाहेर जातं. पुढच्या दोन नळ्या पुढच्या खांबांतून दाराच्या बिजागरीजवळ उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून बंपरच्या बाजूला. गाडीत पाणी आलं तर दहातले नऊ लोक बीडिंग विकतात. तुंबलेली असते ती नळी. प्रत्येक कोपऱ्यात चमच्या-चमच्याने १०० मिलिलिटर पाणी ओता आणि खाली बघा. धार आली तर ठीक. थेंब आले तर गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी, टोक मेणबत्तीवर गोल करून, हलक्या हाताने आत सरकवा. कंप्रेसरची हवा मारू देऊ नका. आतल्या सांध्यातून नळी निसटते, पाणी थेट कार्पेटखाली जातं, आणि मग लायनिंग खरोखरच उतरवावं लागतं. या गाडीत नेमकं हेच झालं होतं. उजवीकडची पुढची नळी सांध्यातून सुटलेली आणि पायाखालचा फोम पिळला तर पाणी निघत होतं. गाडी दुरुस्तीला गेली तेव्हा हा बिघाड नव्हताच.

खरी दुरुस्ती काय होती? काच वरून चार ते सहा टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेच्या) स्क्रूंवर असते, बहुधा टी-२५. काच उचलली की बऱ्याच गाड्यांत स्लायडर वरूनच निघतात, लायनिंगला हात लावावा लागत नाही. रेल कापडाने कोरडी पुसायची, जुनं ग्रीस प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं. पेट्रोल, थिनर नको, प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही जातात. स्लायडर जोडीने बदलायचे, एक मोडलाय तर दुसऱ्याचंही वय तेच. मग दोन्ही बाजूंचे स्लायडर एकाच खुणेवर आणून, बंद स्थितीत, मोटर बसवायची. एक दाता चुकला तर काच पुन्हा तिरकी. रेलला प्लॅस्टिकला चालणारं पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) पातळ ग्रीस, बोटावर येईल तेवढंच. डब्ल्यूडी-४० हे ग्रीस नाही, आहे तेही ते धुऊन नेतं. चॅसिसचं पिवळं ग्रीस लावलं तर धूळ धरून सहा महिन्यांत त्याचा सँडपेपर होतो. काच बसवताना पुढची कड छताच्या किंचित खाली आणि मागची किंचित वर ठेवायची, म्हणजे वारा शिट्टी वाजवत नाही.

इथे गॅरेजवाल्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. कंपनीच्या पार्ट कॅटलॉगमध्ये अनेकदा सुटा स्लायडर मिळतच नाही, अख्खी कॅसेटच दाखवतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरने मोठा आकडा सांगितला म्हणजे तो लबाड असं नाही. पण बऱ्याच मॉडेल्सचे रिपेअर किट बाहेर मिळतात, ते आधी शोधावेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी कॅसेट आणून लावणं हाही गुन्हा नव्हे, गरजू गाडीला तो चांगलाच उपाय आहे. मात्र जुनी म्हणून, जुन्याच्या भावात. जुनी घेताना दोन्ही केबली हाताने ओढून सारख्या सरकतात का पाहावं आणि रेलला गंज असेल तर सोडून द्यावी.

कॅसेट खरोखरच बदलायची असेल तर लायनिंग उतरतं, आणि त्या कडेला पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असू शकते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय कुणी तिथे पाना घातला, तर गाडी तशीच परत घ्या.

गाडी टाकताना जॉबकार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर) लक्षण लिहून घ्यावं, निदान नव्हे. "काच पुढे येऊन मागे जाते, उजवीकडे आवाज" एवढंच. 'मोटर बदलणे' असं लिहिलेल्या कार्डावर सही केली की पुढचा वाद तुम्हीच हरलात. मोटरच्या लेबलचा, स्क्रूंचा आणि सनव्हायझरच्या क्लिपांचा फोटो आधीच काढून ठेवा. "जुने पार्ट परत द्यायचे" हे कार्डावरच लिहायला लावा. नवीन पार्टचा डबा मागा, डब्यावरचा पार्ट नंबर आणि बसवलेल्या पार्टवरचा नंबर जुळवून बघा. गाडी घेताना काच पाच वेळा पूर्ण उघड-बंद करा, शक्यतो गाडी उन्हात उभी करून, कारण तापलेली रेलच खरी परीक्षा घेते.

पैसे गेलेच असतील तर दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी उघडताना व्हिडिओ काढा आणि त्यांच्याकडून लेखी घ्या की मोटर जुनीच आहे. पैसे यूपीआयने दिले असतील तर 'इस्टिमेट' लिहिलेल्या कागदालाही जोर येतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तोपर्यंत तो फेविक्विक लावलेला स्लायडर पिशवीत घालून, तारीख लिहून जपून ठेवा.