आयसीयूतली क्लिनिकल फार्मासिस्टची सेवा – पाचपैकी साडेचार

हॉस्पिटलचा रिव्ह्यू म्हटलं की सगळे डॉक्टर-नर्सबद्दल लिहितात, मला मात्र आयसीयूतल्या क्लिनिकल फार्मासिस्ट मॅडमबद्दल लिहायचंय, कारण बाबांच्या औषधांचं बिल आटोक्यात राहिलं ते बरंचसं त्यांच्यामुळे. मेडिकलच्या काउंटरवर औषधं देणारे वेगळे, या सकाळी राउंडला डॉक्टरांसोबत बेडपाशी उभ्या असतात आणि चार्ट ओळ न ओळ तपासतात.

बाबांना न्यूमोनियातून सेप्सिस (जंतुसंसर्गाचा अख्ख्या शरीरावर होणारा गंभीर परिणाम) झालेला, व्हेंटिलेटरवर होते, मेरोपेनेम आणि लिनेझोलिड ही दोन्ही भारी अँटिबायोटिक्स चालू. क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलं, तसा मॅडमनी मेरोपेनेमचा डोस कमी करायला सुचवला. मग कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणतं औषध चालेल ते सांगणारा) आला, त्यात साध्या अँटिबायोटिकने भागणार असं दिसलं, त्यांनी लगेच डॉक्टरांपुढे विषय काढला आणि दोन्ही बंद होऊन एकच सुरू झालं. नळीतून फीड पचायला लागल्यावर पॅरासिटामॉलची शिरेतली बाटली गेली, सिरप आलं. व्हेंटिलेटर निघाल्यावर ॲसिडिटीचं इंजेक्शनपण थांबवलं, नाहीतर हे औषध वॉर्डात आणि पुढे डिस्चार्जच्या कागदावर तसंच चालत राहतं, कोणी विचारतच नाही.

म्हणजे बघा, यात स्वस्तातला ब्रँड शोधणं वगैरे काही नाही, नको असलेलं औषध वेळेवर बंद करणं एवढंच आहे. इंजेक्शन थांबलं की सिरिंज, सलाइन, नर्सचा वेळ पण वाचतो, आणि चुकीच्या डोसने किडनीला मार बसला असता तर आयसीयूतले दिवस वाढून जो खर्च झाला असता तो तर कुठल्याच बिलात दिसत नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधला 1999 चा अभ्यास आहे, फार्मासिस्ट आयसीयूच्या राउंडला यायला लागल्यावर औषधं लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे पेशंटला होणारे, टाळता येण्यासारखे त्रास 1000 पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस आयसीयूत म्हणजे एक पेशंट-दिवस) 10.4 वरून 3.5 वर आले.

अर्धा स्टार कापला तो यासाठी की रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणी नसतं, आणि बंद केलेल्या औषधांच्या न उघडलेल्या व्हायल परत करून बिलातून वजा करून घ्यायला आम्हालाच मागे लागावं लागलं. हे काम फार्मसीने आपणहून करायला हवं. नातेवाईकांनाही या आपणहून भेटत नाहीत, पण नर्सला सांगितलं तर वेळ देतात, प्रत्येक औषध कशासाठी आणि कधीपर्यंत ते नीट सांगतात, तेव्हा बिनधास्त भेटा.