जर्मनीत ‘हेल्फर’ म्हणून थांबलेली नर्स: परीक्षा, प्रशिक्षण की पुन्हा पहिल्यापासून?

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग करून पाच-सात वर्षं आयसीयूत काढलेली सिस्टर जर्मनीत उतरते, तेव्हा कागदोपत्री ती नर्स नसते. ‘उर्कुंडे’, म्हणजे तिथला परवाना, हातात पडेपर्यंत तिचं पद ‘फ्लेगेहेल्फर’, साध्या मराठीत मदतनीस. आपल्याकडे मावशी करतात ती बरीच कामं तिथे तिच्या वाट्याला येतात आणि इंजेक्शनची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे असते. (उर्कुंडे मिळाल्यावरही अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सुटत नाही. जर्मनीत ते नर्सचंच काम आहे, हे निघण्याआधीच मनाशी पक्कं केलेलं बरं.)

फरक मानापुरता नाही. वृद्धसेवेतलं किमान वेतन १ जुलै २०२५ पासून अप्रशिक्षित मदतनिसाला तासाला १६.१० युरो आणि परवानाधारक नर्सला २०.५० युरो झालं. महिन्याचे १६९ तास धरले तर कर कापण्याआधी साधारण ७४० युरोंचा फरक पडतो. म्हणून कोणती वाट सोपी हे विचारण्याआधी, कोणत्या वाटेवर किती महिने मदतनीस राहावं लागेल हे विचारा.

वाटा तीन. ज्ञानपरीक्षा, म्हणजे ‘केन्टनिसप्र्यूफुंग’. जुळवणी-प्रशिक्षण, म्हणजे ‘आनपासुंग्सलेअरगांग’. सगळे नुसतं ‘लेअरगांग’ म्हणतात. आणि तीन वर्षांचं ‘आउसबिल्डुंग’, म्हणजे नर्सिंग पुन्हा पहिल्या वर्षापासून.

आधी कागद

अर्ज जिथे नोकरी करणार त्या राज्याच्या कार्यालयात जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, ज्या राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, हे काम श्टुटगार्टचं प्रशासकीय कार्यालय पाहतं. नियम देशाचा एकच असला तरी फॉर्म, यादी आणि लागणारा वेळ राज्यागणिक बदलतो. बायर्नमधल्या मैत्रिणीची यादी घेऊन श्टुटगार्टला अर्ज करू नका.

सर्वांत जास्त अर्ज अडतात ते ट्रान्सक्रिप्टवर. जर्मन कार्यालयाला गुण नको असतात, तास हवे असतात: मेडिकल-सर्जिकलचे थिअरीचे किती, वॉर्डातले किती, बालरोग, मानसोपचार आणि कम्युनिटीचे किती. ‘तीन वर्षं पूर्ण’ एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं. कॉलेजकडून विषयवार तासांचा तक्ता सही-शिक्क्यानिशी घ्या, नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा आणि प्रत्येक जुन्या नोकरीच्या दाखल्यावर वॉर्डाचं नाव लिहून घ्या. अपोस्टिलवर, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मारून घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर, मात्र पैसे घालवू नका. भारताच्या अपोस्टिलला जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे तो शिक्का तिथे धरला जात नाही. एजंट तो हटकून यादीत घालतात.

कार्यालय तुमचं शिक्षण जर्मन अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि कमतरतेचं पत्र देतं. त्यात कोणत्या विषयात किती कमी पडतं ते लिहिलेलं असतं आणि पुढची वाट, परीक्षा की लेअरगांग, तुम्ही निवडायची असते. नियोक्त्याने नव्हे. ही सविस्तर तुलना नको असं लिहून देऊन थेट या दोन्हींपैकी एकाकडे जाण्याची सोयही आता आहे. काही महिने वाचतात, पण तुमच्या अनुभवाने काही कमतरता भरून निघाली असती तर ती संधी जाते. दहा वर्षांचा मिश्र वॉर्डांचा अनुभव असेल तर तुलना होऊ द्यावी. दोन वर्षांचा असेल तर सोडून दिली तरी फारसं बिघडत नाही.

परीक्षा आणि लेअरगांग

परीक्षेचे भाग दोन. तोंडी ४५ ते ६० मिनिटांची. प्रात्यक्षिकात किमान एक आणि कमाल चार रुग्णप्रसंग, प्रत्येक १२० मिनिटांच्या आत. नापास झालेला भाग एकदा पुन्हा देता येतो. तयारीचा वर्ग सक्तीचा नाही, पण त्याशिवाय बसणं म्हणजे वेगळाच अभ्यासक्रम न वाचता पेपरला जाणं. आपल्या मुली ज्ञानात कमी पडत नाहीत, सवयीत अडकतात.

तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रसंग घ्या: ८२ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश असलेल्या आजी रात्री पलंगावरून उतरतात. आपलं तयार उत्तर ‘साइड रेल वर करीन’. तिथे हे चुकीचं उत्तर. रुग्णाच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय कठडा वर ठेवणं म्हणजे स्वातंत्र्य हिरावणं. अपेक्षित उत्तर असं: पलंग अगदी खाली, शेजारी गादी, घंटा हाताशी, रात्रीचा दिवा, आणि त्या उठतात कशासाठी याचा शोध. बहुतेकदा लघवीसाठीच उठतात.

प्रात्यक्षिकात पाहिलं जातं ते आणखी बारीक. पेशंटला झटकन उचलून बसवलंत तर गुण जातात. ‘कोपरावर टेका, मी पाठीला हात देते’ म्हणून थांबलात, तर मिळतात. जे त्यांना स्वतः जमतं ते त्यांनाच करू द्यायचं, हा तिथल्या शुश्रूषेचा कणा आहे. काम करताना पलंग कंबरेच्या उंचीवर घेतला आणि निघताना खाली करायचा राहिला, घंटा टेबलावरच विसरली, खालचं अंग पुसलेल्या ग्लोव्ह्जनीच कपाट उघडलं, अशा चुकांवर माणसं नापास होतात. हातात बांगडी, अंगठी, घड्याळ, धागा काहीही चालत नाही. शेवटी ओव्हर द्यायची, म्हणजे रुग्णाची माहिती पुढच्या पाळीला सोपवायची, आणि स्वतःच्या कामाबद्दल काय चुकलं ते स्वतःच सांगायचं. ‘सगळं नीट झालं’ म्हणणारीकडे परीक्षक संशयाने पाहतात.

लेअरगांगमध्ये परीक्षा नसते असा समज आहे, तो अर्धाच खरा. पत्रात सांगितलेले तास वर्गात आणि वॉर्डात भरायचे आणि शेवटी समारोपाची मुलाखत द्यायची. तीत समाधान झालं नाही तर मुदत वाढते. कायद्याने लेअरगांग तीन वर्षांपर्यंत जाऊ शकतो, प्रत्यक्षात बरेच सहा महिने ते वर्षभराचे असतात. तयारीसह परीक्षेची वाट सहसा याहून लवकर उरकते.

लेअरगांगची खरी अडचण अभ्यासात नसते, ड्यूटीच्या तक्त्यात असते. पत्रात बालरोग आणि मानसोपचाराचे तास मागितले आहेत आणि नोकरी गावातल्या साठ खाटांच्या वृद्धाश्रमात आहे, अशी स्थिती वारंवार दिसते. मग दुसऱ्या रुग्णालयाशी करार हवा. तो नसेल, तर ‘पुढच्या महिन्यात पाठवतो’ ऐकत तुम्ही मदतनीसच राहता, आणि त्या कामाचे तास तुमच्या खात्यात जमाही होत नाहीत.

आमचा कल असा: जर्मन बोलणं मोकळं असेल आणि वॉर्ड सोडून दोन वर्षं उलटली नसतील, तर परीक्षा. मध्ये मोठा खंड पडला असेल किंवा तोंडी परीक्षेत शब्द गिळले जात असतील तर लेअरगांग, पण मोठ्या रुग्णालयातच.

भाषा

परवान्यासाठी बहुतेक राज्यांत जर्मनची बी२ पातळी लागते (पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), काही ठिकाणी नर्सिंगच्या भाषेची वेगळी परीक्षा असते. मान्यतेसाठीच्या, म्हणजे आपलं शिक्षण तिथे ग्राह्य धरून घेण्यासाठीच्या, व्हिसावर सुरुवातीला २४ महिने मिळतात, पुढे १२ वाढू शकतात. मार्च २०२४ पासून ‘मान्यता भागीदारी’च्या व्हिसावर (नियोक्त्याशी करार करून मान्यतेची प्रक्रिया तिथे पोचल्यावर करायची) ए२ वरही जाता येतं; तो आधी वर्षाचा, जास्तीत जास्त तीन वर्षांचा. एजंट हाच मार्ग रंगवून सांगतात. तीन पाळ्यांची नोकरी करत ए२ वरून बी२ गाठताना दीड-दोन वर्षं सहज जातात, आणि तेवढे महिने मदतनिसाचाच पगार मिळतो. पुण्या-मुंबईत आणखी सहा महिने राहून बी२ चे चारही भाग पास करून निघणं स्वस्त पडतं.

आउसबिल्डुंग कुणासाठी?

जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्यांसाठी सहसा नाही. यात वर्गाचे किमान २१०० आणि प्रत्यक्ष कामाचे २५०० तास असतात. सार्वजनिक क्षेत्राच्या करारानुसार २०२५ मध्ये पहिल्या वर्षी महिना साधारण १४०० युरो विद्यावेतन मिळत होतं, म्हणजे मदतनिसापेक्षाही बरंच कमी. ‘जर्मन शिक्षण झालं की दोन वर्षांत कायम वास्तव्य’ हे आमिष खरं आहे, पण हिशोब मांडून पाहा. आउसबिल्डुंगचे तीन आणि नोकरीचे दोन, झाली पाच वर्षं. मान्यतेची दीड आणि कुशल कामगाराच्या परवान्यावरची तीन, झाली साडेचार, आणि त्यातली तीन पूर्ण पगारावर.

एएनएम, म्हणजे सहायक नर्सचा अभ्यासक्रम, झालेल्यांचं गणित वेगळं. दोन वर्षांचं शिक्षण तीन वर्षांच्या पात्रतेशी जुळवताना दरी फार मोठी पडते, लेअरगांग लांबतो आणि परीक्षेचा भार पेलत नाही. बारावी झालेली असेल, बी१ असेल आणि वय पंचविशीच्या आत असेल तर आउसबिल्डुंगच सरळ वाट.

सही करण्याआधी

करारात ‘मान्यतेसाठी मदत करू’ एवढ्यावर समाधान मानू नका. पुढील गोष्टी लेखी मागा: तयारीचा वर्ग कोणत्या संस्थेत, तिथे घालवलेला वेळ पगारी की बिनपगारी, कोणत्या रुग्णालयाशी करार आहे, परवाना मिळाल्याच्या तारखेपासून नर्सचा पगार सुरू होणार की पुढच्या पुनरावलोकनानंतर. परतफेडीचं कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर वर्गाचा खर्च परत करा. ती रक्कम महिन्यागणिक घटत जायला हवी. शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण रक्कमच मागणारं कलम तिथल्या न्यायालयात सहसा टिकत नाही, पण हे ठाऊक नसल्याने पुष्कळजणी मुकाट्याने पैसे भरतात. ‘फेअर इंटिग्रेशन’ नावाची सल्लाकेंद्रं असे करार फुकट तपासून देतात. करार जर्मनमध्येच पाठवा. एजंटने दिलेल्या इंग्रजी प्रतीत हे कलम कधीकधी गाळलेलं असतं.